पंधरवड्याचे मिशन आणि गावचा हापसा

जून उजाडला की युगांडातल्या एन्टेबे विमानतळावर एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले घोळके दिसू लागतात. छातीवर आपल्या चर्चचे नाव, पाठीवर बायबलमधले एखादे वचन आणि सोबत औषधे, वह्या, फुटबॉल, जुने कपडे यांनी ठासून भरलेल्या बॅगा. कॉलेजातली मुलेमुली, त्यांच्याबरोबर एखादा पाद्री, एकदोन नर्स, निवृत्त झालेला सुतार किंवा इंजिनिअर. रात्र कंपालात काढून ही मंडळी दुसऱ्या दिवशी जिंजा, सोरोटी, गुलू अशा गावांकडे पांगतात आणि तेथून लाल मातीच्या रस्त्याने आत, एखाद्या खेड्यात शिरतात. दहाबारा दिवस मुक्काम. शाळेची भिंत बांधायची, वर्गांना रंग द्यायचा, झाडाखाली टेबले मांडून औषधे वाटायची, मुलांना गाणी शिकवायची आणि परत फिरायचे. याला ‘शॉर्ट टर्म मिशन’ म्हणतात. मराठीत सेवायात्रा म्हणू. प्रिन्स्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५ च्या पाहणीवरून बांधलेला अंदाज असा, की दरसाल सुमारे सोळा लाख अमेरिकन चर्चसदस्य अशा परदेशी सेवायात्रेला जातात. ते सगळेच आफ्रिकेत जात नाहीत, पण युगांडा, केनिया, मलावी हे त्यांचे ठरलेले मुक्काम आहेत.

या यात्रांकडे आज नव्याने पाहण्याचे कारण वॉशिंग्टनमध्ये घडले. १ जुलै २०२५ रोजी अमेरिकन सरकारची ‘यूएसएड’ ही मदतसंस्था बंद झाली आणि तिचे उरलेसुरले काम परराष्ट्र खात्यात गेले. युगांडातील एड्सविरोधी उपचारांचा मोठा भाग वर्षानुवर्षे अमेरिकन तिजोरीतून चालत होता. अनेक मिशन रुग्णालयांनाही त्यातला वाटा मिळे. सरकारी मदतीचा हात असा आखडता झाला, की गावाकडे येणारा परदेशी माणूस म्हणून चर्चची तुकडी तेवढी उरते. कालपर्यंत जे काम वरकडीचे होते त्याच्यावर आता नको तेवढा भार पडण्याची चिन्हे आहेत, आणि म्हणूनच ते काम प्रत्यक्षात काय करते हे नीट पाहायला हवे.

मराठी वाचकाच्या मनात पहिला प्रश्न येईल तो धर्मांतराचा. आपल्याकडे मिशनरी म्हटले की चर्चा तेथेच सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. युगांडात हा प्रश्न फारसा लागू पडत नाही. २०१४ च्या जनगणनेनुसार त्या देशातील शेकडा ८० हून अधिक लोक ख्रिस्ती आहेत. रविवारची प्रार्थना तेथल्या खेड्यात ज्या उत्साहाने आणि जितका वेळ चालते ते पाहून पाहुण्यांनाच घाम फुटावा. ख्रिस्ताचे नाव सांगायला त्या गावात परक्या माणसाची गरज केव्हाच संपली आहे. मग तुकडी येते ती कशासाठी? कामासाठी. म्हणजे तिचे मोजमापही कामानेच व्हायला हवे.

काम कसे होते? एका अमेरिकन तरुणीने २०१४ साली आपला टांझानियातला अनुभव लिहिला, तो खूप गाजला. तिच्या शाळेची तुकडी एका अनाथाश्रमाच्या ग्रंथालयाची भिंत बांधायला गेली होती. दिवसभर मुली विटा रचत. भिंत इतकी कच्ची व्हायची की रात्री गावातले लोक ती उतरवून पुन्हा सरळ बांधत, म्हणजे सकाळी पाहुण्यांना काही कळू नये. ही तुकडी चर्चची नव्हती, पण ही गोष्ट वाचून चर्चच्या अनेक तुकड्यांतल्या लोकांनी आपली मान खाली घातली असेल. ज्या गावात गवंडी कामाची वाट पाहत बसलेला असतो, तेथे सातासमुद्रापलीकडून विटा रचायला माणूस आणणे हा हिशेब कोणत्याही शेतकऱ्याला कळण्याजोगा आहे.

आकड्यांत हा हिशेब मांडला तो अमेरिकेतीलच एका ख्रिस्ती कॉलेजच्या प्राध्यापकाने, कर्ट व्हर बीक यांनी, आणि तो आफ्रिकेतला नव्हे, मध्य अमेरिकेतला आहे. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये घरे बांधायला उत्तर अमेरिकेतून तुकड्या गेल्या. प्रवासखर्च धरून त्यांचे एक घर सरासरी ३० हजार डॉलरला पडले. तसेच घर स्थानिक लोकांकडून सुमारे दोन हजार डॉलरमध्ये उभे राहत होते. घर मिळालेल्या कुटुंबांच्या आयुष्यात, ते घर कोणी बांधले यावरून, पुढे काही फरक पडलेला त्यांना आढळला नाही. ‘पण जाऊन आलेल्या तरुणांची मने बदलतात, ते पुढे आयुष्यभर देत राहतात’ असे यावर सांगितले जाते. व्हर बीक यांनी तेही तपासले. परतल्यानंतरच्या दानधर्मात टिकाऊ वाढ जवळजवळ नव्हती.

तरीही भिंत वाकडी झाली तर पुन्हा बांधता येते. जेथे पुन्हा बांधता येत नाही तेथली गोष्ट वेगळी आहे.

जिंजा हे नाईलच्या उगमाजवळचे शहर. आपल्याकडच्या वाचकांना ते ठाऊक असेल तर माधवानींच्या काकिरा साखर कारखान्यामुळे, किंवा गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तेथे विसर्जित झाला होता म्हणून. गेल्या वीसेक वर्षांत हे शहर आणि त्याच्या भोवतीची खेडी म्हणजे परदेशी सेवकांचे मोठे केंद्र झाले आहे. व्हर्जिनियातून रेने बाख नावाची तरुणी २००७ साली तेथे स्वयंसेवक म्हणून आली. परत गेली, पुन्हा आली, आणि २००९ साली, विशीत, तिने जिंजाच्या मासेसे भागात ‘सर्व्हिंग हिज चिल्ड्रन’ ही संस्था काढली. सुरुवातीला मुलांना जेवण. पुढे अतितीव्र कुपोषित मुले तेथे दाखल होऊ लागली. बाख यांचे शिक्षण शाळेपर्यंतचे, वैद्यकीय शिक्षण अजिबात नाही. २०१० ते २०१५ या काळात संस्थेत आलेल्या ९४० मुलांपैकी १०५ मुले दगावली. २०१५ साली जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी ते केंद्र बंद केले.

मेळघाटातल्या बातम्या वाचलेल्यांना हे कळेल, की अतितीव्र कुपोषित मूल म्हणजे केवळ उपाशी मूल नव्हे. उपाशी माणसाला पोटभर वाढावे ही आपली साधी माणुसकी. या मुलाच्या बाबतीत मात्र तीच त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याचे हृदय आणि मूत्रपिंडे इतकी दुबळी झालेली असतात, की एकदम आलेले अन्न किंवा भराभर चढवलेले सलाइन त्यांना पेलत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत अशी, की आधी दर दोनतीन तासांनी थोडे थोडे विशिष्ट पातळ दूध, जंतुसंसर्गावर औषध, शरीराची ऊब जपणे, आणि मूल सावरू लागल्यावर हळूहळू आहार वाढवणे. रक्त द्यायचे की नाही, सलाइन लावायचे की नाही, याचा निर्णय चुकला तर तासाभरात खेळ संपतो. हे ममतेने कळत नाही, शिकावे लागते.

जानेवारी २०१९ मध्ये दोन मातांनी आणि महिलांना मोफत कायदेशीर मदत करणाऱ्या एका युगांडन संस्थेने जिंजाच्या उच्च न्यायालयात दावा लावला. आपण डॉक्टर असल्याचे कधी भासवले नाही, उपचार युगांडन परिचारिका आणि डॉक्टरांच्याच हातून होत, असे बाख यांचे म्हणणे होते. जुलै २०२० मध्ये तडजोड झाली. दोन्ही मातांना प्रत्येकी साडेनऊ हजार डॉलरच्या आसपास रक्कम मिळाली. संस्थेने वा बाख यांनी जबाबदारी मान्य केली नाही. ‘नो व्हाइट सेव्हिअर्स’ या युगांडातल्या मोहिमेने हे प्रकरण जगभर नेले. २०२३ मध्ये त्यावर माहितीपटही आला.

या प्रकरणात खलनायक शोधणे सोपे आहे आणि फारसे उपयोगाचे नाही. मला त्यातली वेगळी गोष्ट अधिक खटकते. तीच तरुणी आपल्या गावी, व्हर्जिनियात, कोणाच्या आजारी मुलाच्या हाताला सुई लावू शकली असती का? पोलीस दारात आले असते. आफ्रिकेतल्या खेड्यात मात्र चांगला हेतू हाच परवाना ठरतो. युगांडात कायदा नाही असे नाही. परदेशी डॉक्टरला तेथेही वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. पण सरकारी दवाखान्यात औषध नसते आणि मिशनच्या घरात असते. अशा वेळी जिल्ह्याचा अधिकारीही पाहुण्याला कागद विचारायला संकोचतो, आणि आई तर कागद विचारतच नाही.

मुलांच्या अनाथाश्रमांचीही हीच तऱ्हा. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ने २००९ मध्ये दाखवून दिले, की जगभरच्या अशा संस्थांतील पाचपैकी चार मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीमुळे घरातून उचललेले मूल, पाहुण्यांच्या कुशीत चार दिवस, मग निरोप. पुढच्या महिन्यात नवे पाहुणे, नवी कुशी. कोणत्याही आजीला विचारा, हे मुलाच्या मनाला बरे की वाईट, ती सांगेल.

मग मिशनचे सारे कामच असे म्हणायचे का? मुळीच नाही, आणि त्यासाठी युगांडातच उत्तरेला, गुलूजवळच्या लाकोरला जावे लागेल. १९५९ साली कॉम्बोनी मिशनऱ्यांनी तेथे एक छोटे रुग्णालय उघडले. १९६१ मध्ये इटालियन डॉक्टर पिएरो कोर्ती आणि कॅनडाच्या शल्यविशारद लुसिल टीसडेल तेथे आले आणि आयुष्यभर राहिले. अमीनचा काळ गेला, यादवी आली, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता टीसडेल यांना एचआयव्हीची लागण झाली. १९९६ साली त्या गेल्या. पण या दांपत्याचे खरे काम शस्त्रक्रियांच्या आकड्यात नाही, ते मॅथ्यू लुक्विया या माणसात आहे. त्याच भागातला हा अचोली तरुण डॉक्टर १९८३ मध्ये तेथे आला आणि पुढे रुग्णालयाचा प्रमुख झाला. १९८९ साली गुड फ्रायडेच्या दिवशी बंडखोर परिचारिकांना पळवून न्यायला आले तेव्हा त्यांच्याऐवजी तो स्वतः त्यांच्याबरोबर गेला. ऑक्टोबर २००० मध्ये तो कंपालात पुढचे शिक्षण घेत होता. लाकोरच्या शिकाऊ परिचारिका एकामागून एक मरू लागल्याचे कळताच तो परतला, केसपेपर रात्रभर वाचले आणि हा इबोला असावा हे ओळखून हालचाल केली. त्या साथीत ४२५ जणांना लागण झाली, २२४ मेले. रुग्णालयाचे डझनभर कर्मचारी गेले. ५ डिसेंबर २००० रोजी लुक्विया स्वतः गेले. २००३ मध्ये कोर्ती वारले. तिघांचीही थडगी रुग्णालयाच्या आवारात आहेत आणि रुग्णालय आज युगांडन माणसे चालवतात.

मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या सावलीत वाढलेल्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. १८९४ मध्ये वानलेस यांनी सुरू केलेल्या त्या रुग्णालयाबद्दल धर्माचा मुद्दा काढून भांडणारे भांडले, पण रोगी तेथेच नेला, कारण डॉक्टर उद्याही तेथे असणार याची खात्री होती.

पूर्व आफ्रिकेतल्या मिशनच्या इतिहासात महाराष्ट्राचाही एक धागा आहे आणि तो आपल्याला सहसा सांगितला जात नाही. गुलामांच्या गलबतांतून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईला उतरवत. त्यातली अनेक नाशिकजवळच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणत. १८६४ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपले छोटे जहाज हाकत मुंबईला आला तेव्हा चुमा नावाचा मुलगा त्याच्याबरोबर होता. त्याला त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शिकायला ठेवले. पुढच्या खेपेला चुमा आणि शरणपूरची काही मुले त्याच्याबरोबर आफ्रिकेत गेली. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मेला. त्याचे हृदय एका झाडाखाली पुरले गेले, त्या वेळी प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरे कोरली ती जेकब वेनराइटने. हा शरणपूरचा विद्यार्थी. चुमा, सुसी, वेनराइट आणि त्यांच्या सोबत्यांनी ते शव हजारावर मैल वाहून समुद्रकाठी आणले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा वेनराइट शवपेटीला हात देणाऱ्यांत होता. लिव्हिंग्स्टनचे नाव जगाला पाठ आहे. ओझे कोणी वाहिले, हे विचारावे लागते.

आजही खेड्यातल्या सेवायात्रेचे ओझे वाहणारे असेच असतात. गावचा पाद्री, दुभाषा, स्वयंपाक करणाऱ्या बाया, चालक. तुकडी येणार म्हणून पंधरा दिवस आधीपासून पाणी भरून ठेवणे, कोंबडी राखून ठेवणे, मुलांना गाणी बसवून घेणे. गावाला तुकडीचा उपयोग कळतो आणि तिचा निरुपयोगही कळतो. पण वाकड्या भिंतीबद्दल तोंड उघडले तर पुढच्या वर्षी शाळेचे छप्पर येणार नाही, एवढा व्यवहार कोणत्याही गावाला असतो. आमदार उद्घाटनाला येतो तेव्हा आपलीही गावे याहून फार निराळी वागत नाहीत.

आता हापशाकडे येऊ, कारण सेवायात्रेचे सर्वांत लाडके काम तेच. विंधणविहीर घ्यायची, हातपंप बसवायचा, पहिल्या धारेचा फोटो काढायचा. या कामाला मी नावे ठेवणार नाही. वीस लिटरचा पिवळा कॅन डोक्यावर घेऊन मैल-दीड मैल चालणाऱ्या मुलीसाठी घराजवळचा हापसा म्हणजे शाळेत जाण्याचा वेळ. युगांडाच्या खेड्यातला हा हातपंप मराठी माणसाने पाहिला तर तो चटकन ओळखेल. लांब लोखंडी दांडा, चौकोनी डोके, आत साखळी. तेथे त्याला ‘यू-टू’ म्हणतात. मुळात तो आपला ‘इंडिया मार्क टू’. आणि त्याचे मूळ शोधत गेले तर आपण पोचतो जालन्याला आणि सोलापूरला, तेही मिशनच्याच आवारात.

१९६५ ते ६७ च्या दुष्काळात महाराष्ट्रात मिशनसंस्थांनी काळ्या कातळात विंधणविहिरी घ्यायला सुरुवात केली. त्यांवर बसवलेले पंप बिडाचे, परदेशी नमुन्याचे. तो नमुना एका शेतकरी कुटुंबाने दिवसातून चारदा वापरावा यासाठी होता. आपल्याकडे त्याच्यावर अख्खे गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत तुटून पडे. दांडा मोडे, खिळी झिजे, वायसर फाटे. १९७४ च्या युनिसेफच्या पाहणीत चारपैकी तीन पंप बंद आढळले होते. जालन्याच्या स्कॉटिश मिशनची माणसे मात्र तेथेच राहणारी होती. मोडलेला पंप रोज दारात येत होता. दुरुस्तीला कंटाळून त्यांनी दांड्याची अनेक सांध्यांची रचना काढून टाकली, एकच सांधा ठेवला. सोलापुरात त्याच्याही पुढे जाऊन डोके संपूर्ण पोलादी केले गेले आणि त्यात बेअरिंग आले. पुढे भारत सरकार आणि युनिसेफ यांनी सोलापूरच्या पंपावरून ‘मार्क टू’ तयार केला. कोणत्याही साध्या वर्कशॉपात बनावा, खेड्यातल्या माणसाला दुरुस्त करता यावा, ही अट. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे पन्नासेक लाख पंप जगभर बसले होते. पंधरा दिवसांच्या मुक्कामात असा पंप सुचणे शक्य नव्हते.

तोच पंप युगांडात गेला आणि तेथे वेगळेच दुखणे निघाले. अनेक भागांतले भूजल किंचित आम्लधर्मी आहे. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप त्यात काही वर्षांतच, कधी काही महिन्यांतच, गंजतात. पाणी तांबडे येते, त्याला चव लागते, कपडे डागाळतात, शिजवलेले अन्न काळपट होते. बाया मुकाट्याने पुन्हा जुन्या झऱ्यावर जाऊ लागतात. पंप चालू असतो आणि वापरात नसतो. शेवटी २०१६ साली युगांडा सरकारने असे पाइप वापरायला मनाई केली. पर्याय आहेत, पोलादाचे गंजरोधक किंवा प्लास्टिकचे पाइप. पण गंजरोधक पोलाद महाग.

आफ्रिकेतल्या ग्रामीण हातपंपांची जी मोजदाद झाली आहे तिच्यानुसार कोणत्याही दिवशी तीन-चार पंपांतला एक बंद असतो. त्यात सरकारचे पंप आहेत, मोठ्या संस्थांचे आहेत, चर्चचेही आहेत. कारणे साधी असतात. चाळीस मीटर खोल पंपाचा दट्ट्या बाहेर काढायचा तर तीन तीन मीटरचे तेरा-चौदा पाइप एकेक करून वर ओढावे लागतात. त्याला तिपाई लागते, चार माणसे लागतात, आणि पाने-पकडींचा पूर्ण संच असलेला मिस्त्री लागतो. युगांडाच्या धोरणानुसार नेहमीच्या दुरुस्तीचा खर्च गावाने वर्गणीतून करायचा. पाणी समिती वर्गणी गोळा करते. कापणीच्या दिवसांत पैसे येतात, एरवी येत नाहीत, आणि एकदा पैसे कोठे गेले यावरून वाद झाला की कायमचेच थांबतात. जिल्ह्याजिल्ह्यांत हातपंप मिस्त्रींच्या संघटना उभ्या राहिल्या आहेत, ही त्यातली आशेची गोष्ट. हे मिस्त्री स्थानिक भाषा बोलतात, मोटारसायकलवर येतात आणि पैसे मागतात.

अमेरिकन चर्चमध्येही विचार होत नाही असे समजू नये. २००३ मध्ये तेथील काही मिशनसंस्थांनी सेवायात्रेसाठी आचारनियम ठरवले. स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट यांचे ‘व्हेन हेल्पिंग हर्ट्स’ हे २००९ चे पुस्तक कित्येक चर्चमध्ये वाचले जाते. मदत घेणाऱ्याचा मान मदतीमुळेच कसा जातो याची त्यात चर्चा आहे, आणि लेखक दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती आहेत. काही तुकड्या आता दरवर्षी त्याच रुग्णालयात, त्याच डॉक्टरांना शिकवायला जातात. पण पत्रकावर फोटो छापता येईल अशा कामाची ओढ मोठी असते. गवंड्याच्या मजुरीचा किंवा मिस्त्रीच्या वर्षभराच्या पगाराचा फोटो निघत नाही.

पुढच्या जूनमध्ये जिंजाकडे किंवा सोरोटीकडे निघणाऱ्या तुकडीच्या अंदाजपत्रकात विमानभाडे असेल, व्हॅनचे भाडे असेल, टी-शर्ट असतील, विंधणविहिरीची एकरकमी किंमतही असेल. जमिनीखाली उतरवलेला पाइप कोणत्या धातूचा, ही ओळ बहुधा ठेकेदाराच्या कागदावर असते, आणि त्या कागदाची प्रत गावातल्या पाणी समितीकडे क्वचितच असते.